ताक, जंतू आणि म्हातारपण : इल्या मेचनिकॉफ यांचे जीवन

मोठ्या माणसांची चरित्रे आपण बहुधा त्यांच्या विजयांसाठी वाचतो. त्यांनी काय शोधले, कोणते पारितोषिक मिळवले, कोणता ग्रंथ लिहिला, याची नोंद झाली की चरित्र संपले असे आपल्याला वाटते. परंतु काही माणसे अशी असतात की त्यांचा एक विचार खरा ठरतो, दुसरा चुकीचा ठरतो, आणि चुकीच्या ठरलेल्या विचाराभोवतीही पुढची शंभर वर्षे माणसे काम करीत राहतात. इल्या मेचनिकॉफ हे अशांपैकी एक होत. शरीरातल्या पांढऱ्या पेशी जंतूंना गिळतात हे त्यांनी जगाला दाखवून दिले, आणि त्यासाठी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. माणसाच्या रक्तवाहिन्या कठीण का होतात आणि त्याला म्हातारपण का येते, या प्रश्नाचेही एक उत्तर त्यांनी दिले. ते उत्तर असे की, आपल्या आतड्यातले जंतूच आपल्याला आतून विष घालीत असतात. या दुसऱ्या उत्तराची कथा पहिल्याइतकीच, किंबहुना थोडी अधिकच, विचार करायला लावणारी आहे.

मेचनिकॉफ यांचा जन्म 15 मे 1845 रोजी खारकोव्हजवळच्या इवानोव्हका या खेड्यात झाला. हा प्रदेश तेव्हा रशियन साम्राज्यात होता, आज तो युक्रेनमध्ये आहे. वडील झारच्या शाही पलटणीतले अधिकारी. राजधानीच्या मौजमजेत आणि पत्त्यांच्या नादात पैसा उडाल्यावर ते कुटुंबासह आपल्या जमिनीवर राहायला आले. आई एमिलिया ही ज्यू वंशाच्या एका लेखकाची मुलगी. पाच भावंडांत इल्या शेंडेफळ. थोरला भाऊ लेव्ह याला शिकवायला वैद्यकाचा एक विद्यार्थी घरी येत असे. त्याच्याबरोबर रानातून हिंडताना धाकट्या इल्याला वनस्पती आणि किडे गोळा करण्याचे वेड लागले. आठव्या वर्षीच तो आसपासच्या मुलांना वनस्पतींवर व्याख्याने देऊ लागला. श्रोते टिकत नाहीत असे दिसताच तो त्यांना स्वतःच्या खाऊचे पैसे देऊन बसवी.

या भावंडांची थोडी ओळख साहित्याच्या विद्यार्थ्यांना करून दिली पाहिजे. लेव्ह हा पुढे इटलीत गॅरिबाल्डीच्या सैन्यात लढला, जपानात शिक्षक झाला आणि भूगोलाचा अभ्यासक म्हणून नावाजला गेला. दुसरा भाऊ इवान हा तूला येथील न्यायालयात अधिकारी होता. ऐन पंचेचाळिशीत, 1881 साली, तो आजारी पडून वारला. टॉलस्टॉयच्या इवान इल्यिचच्या मृत्यूवरील प्रसिद्ध कथेतला नायक या इवानवरून सुचला असे मानले जाते. एका भावाचे मरण साहित्यात अमर झाले आणि दुसऱ्या भावाने आयुष्याचा उत्तरार्ध मरण पुढे कसे ढकलता येईल या विचारात घालवला, हा योगायोग विलक्षण म्हटला पाहिजे.

खारकोव्ह विद्यापीठाचा चार वर्षांचा अभ्यासक्रम मेचनिकॉफ यांनी दोनच वर्षांत पुरा केला. पुढे हेलिगोलँड बेट, गीसेन, गटिंगेन, म्युनिक असे करीत ते नेपल्सला पोहोचले. तेथे त्यांनी आणि अलेक्झांडर कोवालेव्हस्की यांनी समुद्रातल्या बिनकण्याच्या प्राण्यांच्या गर्भवाढीचा अभ्यास केला. दोघांनाही मिळून मोठे पारितोषिक लाभले तेव्हा मेचनिकॉफ जेमतेम बावीस वर्षांचे होते. 1870 साली ते ओदेसाच्या विद्यापीठात प्राणिशास्त्राचे प्राध्यापक झाले. बुद्धी तल्लख, स्वभाव तापट, डोळे अधू आणि मन पराकोटीचे हळवे, असा हा तरुण प्राध्यापक होता.

त्यांच्या तरुणपणाची वर्षे मात्र फार दुःखात गेली. 1869 साली त्यांनी ल्युदमिला या तरुणीशी लग्न केले. तिला क्षयाने इतके ग्रासले होते की लग्नाच्या दिवशी तिला खुर्चीत बसवून चर्चमध्ये न्यावे लागले. पुढची चार वर्षे त्यांनी तिच्यासाठी उबदार हवेचे प्रदेश शोधण्यात घालवली. पैशाच्या विवंचनेत त्यांनी भाषांतरेही केली. परंतु 1873 च्या एप्रिलमध्ये माडीरा बेटावर ती वारली. क्षयाचा जंतू कॉखने शोधला तो 1882 साली, म्हणजे आपल्या पत्नीला कोण मारीत आहे हेसुद्धा त्या वेळी कोणाला ठाऊक नव्हते. खचून गेलेल्या मेचनिकॉफ यांनी स्वतःचे जीवन संपवण्याचा प्रयत्न केला, पण ते वाचले. 1875 साली त्यांनी ओल्गा हिच्याशी विवाह केला. ती त्यांच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या मोठ्या आणि गलबल्या कुटुंबातली मुलगी. ते तिला प्राणिशास्त्र शिकवीत असत. पुढे ओल्गाही विषमज्वराने मरणाच्या दारी गेली. त्याच सुमारास विद्यापीठातले राजकारण असह्य झाले होते आणि स्वतःचे हृदयही त्रास देत होते. त्या निराशेत त्यांनी उलटून येणाऱ्या तापाच्या रोग्याचे रक्त स्वतःला टोचून घेतले. ते मरणाच्या जवळ पोहोचले, पण पुन्हा वाचले. विशेष म्हणजे या आजारातून उठल्यावर त्यांच्या मनावरचे मळभ जणू निघून गेले. जो माणूस जगण्याला कंटाळला होता तोच पुढे दीर्घायुष्याचा सर्वांत उत्साही पुरस्कर्ता झाला.

1881 साली झार दुसरा अलेक्झांडर याचा खून झाला आणि रशियातल्या विद्यापीठांवर सरकारी दडपण वाढले. 1882 साली मेचनिकॉफ यांनी राजीनामा दिला. ओल्गाच्या वाट्याला आलेल्या वारसाहक्कामुळे पोटापाण्याची चिंता नव्हती. ओल्गा आणि तिची पोरकी भावंडे यांना घेऊन ते सिसिलीतल्या मेसिना या बंदरगावी राहायला गेले. घराच्या बैठकीतच त्यांची प्रयोगशाळा होती. नाताळच्या आसपास एके दिवशी घरची सारी मंडळी सर्कशीतली शिकवलेली माकडे पाहायला गेली. मेचनिकॉफ मात्र सूक्ष्मदर्शकाखाली ताराम‍ाशाचे पारदर्शक पिल्लू पाहत बसले. त्याच्या अंगात इकडून तिकडे फिरणाऱ्या पेशी त्यांना दिसत होत्या. या पेशी बाहेरून घुसलेल्या शत्रूला तोंड देत असतील काय, असा विचार त्यांच्या मनात आला. तसे असेल तर अंगात काटा रुतल्यावर या पेशी त्याच्याभोवती गोळा झाल्या पाहिजेत. त्यांनी बागेतल्या गुलाबाचे बारीक काटे आणून पिल्लांच्या अंगात खुपसले. त्या रात्री त्यांना झोप आली नाही. पहाटे पाहतात तो पेशींनी काट्याला गराडा घातलेला. आपल्या बोटात काटा रुतल्यावर पू होतो, त्याचा हा उलगडा होता.

ही गोष्ट आज सोपी वाटते, पण तेव्हाच्या डॉक्टरांचे मत बरोबर उलटे होते. पांढऱ्या पेशींत जंतू दिसतात ते त्यांनी तेथे आसरा घेतला म्हणून, आणि या पेशीच त्यांना शरीरभर वाहून नेतात, असे शिकवले जाई. सुदैवाने थोर जर्मन वैद्य रुडॉल्फ फिरखो मेसिनास आले होते. त्यांनी हे प्रयोग पाहून मेचनिकॉफ यांना उत्तेजन दिले आणि सावधही केले. व्हिएन्नातल्या मित्रांनी या पेशींना ग्रीक भाषेतून ‘फॅगोसाइट’ हे नाव सुचवले. आपण त्यांना भक्षक पेशी म्हणू. 1884 साली पाणपिसवांवर हल्ला करणाऱ्या एका किण्वाचे अणकुचीदार बीजाणू या पेशी कशा गिळतात, हे त्यांनी प्रसिद्ध केले. पेशी जिंकल्या तर पिसू जगते, बीजाणू जिंकले तर ती मरते. रोग म्हणजे दोन जिवांमधली लढाई होय, ही कल्पना येथून रुजली.

1886 साली ओदेसात जंतुशास्त्राचे केंद्र निघाले आणि मेचनिकॉफ त्याचे प्रमुख झाले. परंतु ते वैद्यकाचे पदवीधर नव्हते आणि गावातल्या डॉक्टरांना ते खुपत होते. त्यातच केंद्राची लस टोचलेल्या मेंढ्या हजारोंनी दगावल्या. 1888 साली ते कंटाळून बाहेर पडले. बर्लिनला कॉखने त्यांचे थंडपणे स्वागत केले. पॅरिसला मात्र वृद्ध पाश्चरने त्यांना आपल्या नव्या संस्थेत जागा देऊ केली. तेथे पगार न घेता ते अखेरपर्यंत, म्हणजे अठ्ठावीस वर्षे राहिले.

त्यांच्या ओदेसाच्या विद्यार्थ्यांपैकी एकाचे नाव महाराष्ट्राला चांगले परिचित आहे. वाल्देमार हाफकिन यांनी ओदेसाला मेचनिकॉफ यांच्या हाताखाली प्राणिशास्त्र शिकून पुढे 1889 साली त्यांच्या मागोमाग पॅरिस गाठले. सुरुवातीला त्यांना ग्रंथालयातली साहाय्यकाची जागा पत्करावी लागली. 1892 साली त्यांनी पटकीची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली आणि पुढच्याच वर्षी ते हिंदुस्थानात आले. 1896 साली मुंबईत प्लेग उसळला तेव्हा ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका छोट्या खोलीत त्यांनी प्लेगची लस तयार केली आणि 10 जानेवारी 1897 रोजी तीही आधी स्वतःलाच टोचून घेतली. परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये त्यांची प्रयोगशाळा 1899 साली गेली आणि 1925 साली तिला त्यांचे नाव मिळाले. परळच्या हाफकिन संस्थेची मुळे अशी मेचनिकॉफ यांच्या वर्गापर्यंत पोहोचतात.

पॅरिसची पहिली वीस वर्षे वादात गेली. जर्मन पंडित म्हणत की जंतूंचा नाश पेशी करीत नाहीत, तो रक्तातला द्रव करतो. 1890 साली बेहरिंग आणि कितासातो यांनी रक्तद्रवातली प्रतिविषे दाखवल्यावर मेचनिकॉफ यांची बाजू पडली असे अनेकांना वाटले. हा माणूस परिषदांतून केस विस्कटून, हातवारे करीत, प्रत्येक आक्षेपाला नवा प्रयोग घेऊन उत्तर देत राहिला. गंमत अशी की द्रवपक्षाला बळ देणारा एक मोठा शोध खुद्द मेचनिकॉफ यांच्याच प्रयोगशाळेत ज्यूल बोर्दे या तरुणाने लावला, आणि गुरूने त्याला आडकाठी केली नाही. शेवटी दोन्ही पक्षांत तथ्य आहे असे ठरले. 1908 सालचे नोबेल पारितोषिक पेशीपक्षाचे मेचनिकॉफ आणि द्रवपक्षाचे पाउल एर्लिख यांना मिळून देण्यात आले. त्याच डिसेंबरच्या अखेरीस भूकंपाने मेसिना शहर जमीनदोस्त झाले.

आता त्यांच्या दुसऱ्या विचाराकडे वळू. वयाच्या पन्नाशीनंतर मेचनिकॉफ यांना म्हातारपणाने पछाडले. म्हातारपण हा निसर्गक्रम असला तरी ज्या रूपाने ते आपल्याला येते ते रूप म्हणजे एक रोगच आहे, असे त्यांना वाटू लागले. म्हातारपणाचे मुख्य लक्षण कोणते, तर रोहिणीकाठिण्य, म्हणजे हृदयाकडून रक्त नेणाऱ्या वाहिन्यांच्या भिंती जाड आणि टणक होणे. त्याची कारणे काय? उपदंशाचा जंतू महारोहिणीची भिंत पोखरतो हे डॉक्टरांना दिसत होतेच. 1903 पासून मेचनिकॉफ आणि एमिल रू यांनी हा रोग वानरांना देऊन त्याचा अभ्यास केला होता. मद्याकडेही बोट दाखवले जाई. पण ज्यांना उपदंश नाही आणि जे दारूला शिवत नाहीत, त्यांच्याही रक्तवाहिन्या कठीण होतात. तेव्हा सर्वांच्या अंगात असणारे असे काही कारण शोधले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते.

ते कारण त्यांना मोठ्या आतड्यात सापडले. तेथे अगणित जंतू राहतात. पटकीवरच्या त्यांच्या जुन्या प्रयोगांत असे दिसले होते की काही जंतू दुसऱ्या जंतूंच्या वाढीला मदत करतात, तर काही त्यांना वाढू देत नाहीत. मग आतड्यात मांसान्न कुजवणारे जंतू असतील तर ते कुजण्यातून निघणारी विषे रक्तात मिसळत असली पाहिजेत. इंडोल, फिनॉल, पॅराक्रेसॉल अशी या द्रव्यांची नावे. ही विषे थेंबाथेंबाने मेंदू, मूत्रपिंड, यकृत आणि रोहिण्या यांच्या पेशींना दुबळे करतात, आणि दुबळ्या पेशींना आपल्याच भक्षक पेशी खाऊन टाकतात. राखणदारच शेवटी घर लुटतो, असा हा सिद्धान्त होता. ज्या पक्ष्यांचे मोठे आतडे अगदी आखूड असते ते पोपट आणि डोमकावळे दीर्घकाळ जगतात, असा दाखला ते देत. फळे खाणाऱ्या वटवाघळांच्या आतड्यात जंतू फार थोडे असतात, हेही त्यांनी सहकाऱ्यांसह तपासून पाहिले.

यावर उपाय काय? दूध विरजले की नासत नाही, कारण विरजणातल्या जंतूंनी तयार केलेल्या आम्लात कुजवणारे जंतू टिकत नाहीत. आपल्या प्रत्येक स्वयंपाकघरात घडणारी ही गोष्ट मेचनिकॉफ यांनी आतड्याला लावून पाहिली. बल्गेरियातले शेतकरी आंबट दूध भरपूर खातात आणि त्यांच्यात वयाची शंभरी ओलांडलेले लोक बरेच असतात, असे त्यांच्या वाचनात आले होते. 1905 साली स्तामेन ग्रिगोरोव्ह या तरुण बल्गेरियन वैद्याने जिनिव्हात त्या दह्यातला जंतू वेगळा करून दाखवला. मेचनिकॉफ यांनी स्वतःचा आहार कधीच बदलला होता. न शिजवलेले काही खायचे नाही, मांस थोडे, दारू वर्ज्य आणि रोज आंबवलेले दूध, हा त्यांचा नेम झाला. 1904 सालच्या त्यांच्या पॅरिसमधल्या व्याख्यानानंतर सारे युरोप आणि अमेरिका दह्यामागे लागले. औषधांच्या दुकानांत विरजणाच्या गोळ्या मिळू लागल्या आणि त्यांचे नाव जाहिरातींत झळकू लागले. 1903 आणि 1907 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या दोन ग्रंथांत हा विचार विस्ताराने आला. माणूस निरोगीपणे पूर्ण आयुष्य जगला तर दिवसभर राबलेल्याला जशी झोप हवीशी वाटते तसे मरण त्याला हवेसे वाटेल, असे त्यांचे मत होते.

30 मे 1909 रोजी ते ओल्गासह टॉलस्टॉयना भेटायला यास्नाया पोल्यानाला गेले. एकाला विज्ञानाने माणूस सुखी होईल असे वाटे, तर दुसऱ्याला विज्ञानाच्या या आशावादात आत्म्याचा विसर दिसे. भेट आदराची झाली, पण दोघेही आपापल्या जागीच राहिले.

मेचनिकॉफ यांचा सिद्धान्त नुसता मांडला गेला नाही, तो तपासलाही गेला, आणि येथेच कथेला अनपेक्षित वळण लागते. त्यांच्या प्रयोगशाळेत प्राण्यांना दीर्घकाळ पॅराक्रेसॉल आणि इंडोल देण्यात आले आणि त्यांच्या रक्तवाहिन्या कठीण झाल्याचे सांगण्यात आले. इकडे सेंट पीटर्सबर्गमध्ये इग्नातोव्हस्की या वैद्याने 1908 साली मेचनिकॉफ यांच्याच कल्पनेचा धागा धरून सशांना मांस, अंडी आणि दूध चारले. सशांच्या महारोहिणीत खरोखरच जाड पुटे चढली. मांसातले प्रथिन म्हणजेच विष, असा निष्कर्ष निघाला. मात्र त्याच शहरातल्या पुढच्या संशोधकांना आढळले की दोष प्रथिनाचा नसून अंड्यातल्या पिवळ्या बलकाचा आहे. 1913 साली निकोलाय आनिच्कोव्ह आणि सेम्योन खालातोव्ह यांनी सशांना शुद्ध कोलेस्टेरॉल देऊन तोच विकार निर्माण करून दाखवला. आज दर डॉक्टरच्या तोंडी असलेल्या कोलेस्टेरॉलच्या सिद्धान्ताचा उगम असा एका चुकलेल्या तर्काची परीक्षा घेताना झाला.

मेचनिकॉफ यांचे अखेरचे दिवस कष्टाचे होते. 1914 साली महायुद्ध पेटले. प्रयोगशाळेतले तरुण आघाडीवर गेले, प्रयोगांचे प्राणी मारून टाकावे लागले, आणि ज्या युरोपच्या विवेकावर त्यांनी भरवसा ठेवला होता तो युरोप एकमेकांच्या नरडीला लागला. हृदयविकाराने त्यांना गाठले होते. दीर्घायुष्याचा पुरस्कर्ता एकाहत्तराव्या वर्षीच जातो आहे, म्हणून लोक हसतील आणि आपला विचार टाकून देतील, ही काळजी त्यांना होती. त्यामुळे हा आहार आपण उशिरा, पन्नाशी उलटल्यावर सुरू केला, असे ते सांगत. इवान पंचेचाळिसाव्या वर्षी गेला होता आणि लेव्ह पन्नासाव्या. 15 जुलै 1916 रोजी पॅरिसमध्ये त्यांचे देहावसान झाले. आपल्या देहाची शवपरीक्षा करावी आणि आतडी नीट पाहावीत, असे त्यांनी आपल्या सहकाऱ्याला आधीच सांगून ठेवले होते. स्वतःचे मरणही त्यांनी प्रयोगाच्या वहीत नोंदवण्यासारखे मानले. त्यांची रक्षा पाश्चर संस्थेच्या ग्रंथालयात ठेवलेली आहे. ओल्गाने लिहिलेले त्यांचे चरित्र 1920 साली प्रसिद्ध झाले.

त्यांच्या सिद्धान्ताचे पुढे काय झाले? दह्याची लाट लवकरच ओसरली. दह्यातला तो बल्गेरियन जंतू माणसाच्या आतड्यात मुक्काम करीत नाही, हे येल विद्यापीठातल्या रेटगर यांनी दाखवून दिले. कोलेस्टेरॉलचा सिद्धान्त पुढे आला आणि जंतूंचा विचार अडगळीत पडला. परंतु तो पुरता मेला नाही. 1978 साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात कोंबड्यांना एका विषाणूची लागण करून त्यांच्या रोहिण्यांत तसाच विकार निर्माण झाल्याचे दिसले. 1988 साली फिनलंडमधले पेक्का सायक्कू आणि त्यांचे सहकारी यांना असे आढळले की हृदयविकाराचा झटका आलेल्या अनेक रोग्यांच्या रक्तात क्लॅमिडिया न्यूमोनिये या फुप्फुसाच्या जंतूविरुद्धची प्रतिद्रव्ये वाढलेली असतात. पुढे हा जंतू खुद्द रोहिणीतल्या पुटांमध्येही सापडला. मग साहजिकच विचार आला की प्रतिजैविके देऊन झटके टाळता येतील. 2005 साली अमेरिकेतल्या दोन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. प्रत्येकीत चार हजारांहून अधिक रोगी होते आणि त्यांना दीर्घकाळ प्रतिजैविके देण्यात आली होती. झटक्यांचे प्रमाण काही कमी झाले नाही. हिरड्यांच्या रोगाचेही तसेच. हिरड्या सुजलेल्यांना हृदयविकार अधिक होतो हे खरे, पण एक दुसऱ्याचे कारण आहे असे सिद्ध झालेले नाही, असा निर्वाळा अमेरिकन हार्ट असोसिएशनने 2012 साली दिला. जंतू पुटात सापडणे वेगळे आणि त्याने पूट निर्माण करणे वेगळे. चोरीच्या जागी सापडलेला प्रत्येक जण चोर नसतो.

तरीही मेचनिकॉफ यांचे दोन्ही विचार नव्या रूपाने परत आले आहेत. रोहिणीच्या भिंतीत साचलेली चरबी गिळून फुगणाऱ्या फेसाळ पेशी या बहुतांशी त्यांच्याच भक्षक पेशी होत. कोलेस्टेरॉल कारण आहेच, पण त्याला ज्या दाहाची जोड मिळते तो दाह या पेशी पेटता ठेवतात. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या दहा हजारांवर रोग्यांच्या एका चाचणीत केवळ दाह कमी करणाऱ्या औषधाने हृदयविकाराच्या घटना सुमारे 15 टक्क्यांनी घटल्या. मात्र त्याच औषधाने जंतुसंसर्गाने होणारे मृत्यू किंचित वाढले. राखणदाराला बांधून ठेवले की घर उघडे पडते, हा त्याचा अर्थ. आतड्यांबद्दलही तसेच. 2011 साली अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकच्या संशोधकांनी दाखवले की अंडी व मांस यांतल्या काही घटकांपासून आतड्यातले जंतू एक वायुरूप द्रव्य बनवतात, यकृतात त्याचे रूपांतर होते, आणि रक्तातल्या त्या द्रव्याचे प्रमाण हृदयविकाराच्या धोक्याशी निगडित दिसते. मूत्रपिंडे निकामी झालेल्या रोग्यांच्या रक्तात साचणाऱ्या आणि रक्तवाहिन्यांना अपायकारक मानल्या जाणाऱ्या विषांत पॅराक्रेसॉलपासून झालेले द्रव्य आहे. शंभर वर्षांपूर्वी मेचनिकॉफ यांनी याच नावाकडे बोट दाखवले होते.

याचा अर्थ त्यांचेच सारे खरे होते असा कोणी काढू नये. वाटीभर दह्याने कोणाच्या रोहिण्या मऊ होत नाहीत, आणि ताक पिऊन तंबाखू चालू ठेवणाऱ्याला मेचनिकॉफ वाचवू शकत नाहीत. तंबाखू, वाढलेला रक्तदाब, मधुमेह आणि कोलेस्टेरॉल यांचा दोष आज निर्विवाद आहे. जंतूंचा वाटा किती, हा प्रश्न अजून खुला आहे.

विद्यार्थ्यांनी या चरित्रातून काय घ्यावे? मेचनिकॉफ यांनी आपला प्रत्येक विचार अशा शब्दांत मांडला की दुसऱ्याला तो तपासता येईल आणि खोटाही पाडता येईल. म्हणून त्यांच्या चुकीतूनही इग्नातोव्हस्की, आनिच्कोव्ह आणि त्यांच्यामागून येणारे कितीतरी जण पुढे जाऊ शकले. जो विचार तपासताच येत नाही तो कधी चुकत नाही, पण त्यातून काही उगवतही नाही. दोनदा जीवनाकडे पाठ फिरवलेल्या या माणसाने पुढे इतरांचे आयुष्य वाढावे म्हणून सारी शक्ती वेचली, आणि शेवटी आपला देहही त्याच प्रश्नाच्या हवाली केला. आपल्या घरी रात्री दुधाला विरजण लागते तेव्हा पातेल्यात जे घडते ते एका माणसाने किती गंभीरपणे पाहिले होते, एवढे जरी आपल्या ध्यानात राहिले तरी पुरे आहे.